‘अगं, ही मीच की!’

खरं सांगू? दिवाळीला घरी जाताना माझ्या बॅगेत तीन गोष्टी असतात. लॅपटॉप, त्याचा चार्जर आणि ‘यंदा चार दिवस एक ओळही लिहायची नाही’ हा निश्चय. त्यातल्या पहिल्या दोनच वापरल्या जातात.

२०२५ च्या दिवाळीतही तेच झालं. रात्रीची गाडी, पहाटे मिरज, मग जयसिंगपूर आणि डोळे चोळतेय तोवर हातकणंगले! (पुण्यात गावाचं नाव सांगितलं की पहिला प्रश्न ‘स्पेलिंग काय?’ आणि दुसरा ‘म्हणजे इचलकरंजीच ना?’ नाही हो. इचलकरंजीला रेल्वे स्टेशन नाही, म्हणून तिथली मंडळी आमच्या स्टेशनवर उतरतात. इतकंच.)

घरात शिरले तर स्वयंपाकघरात चकल्यांचा घाट. जमिनीवर पेपर पसरलेले, पेपरांवर चकल्या निथळतायत आणि त्यांच्या शेजारी पालथ्या पडलेल्या आमच्या भाचीबाई. इयत्ता नववी. एका हातात कात्री, दुसऱ्या हातात चकली आणि चेहऱ्यावर ‘आली बाई आत्या, सुटले!’ असा भाव.

प्रोजेक्ट असा होता : ‘चालू घडामोडी. वर्तमानपत्रातील पाच बातम्या निवडा. कात्रणे चिकटवा. प्रत्येक बातमीचे विश्लेषण करा.’ सुट्टी संपली की पहिल्याच दिवशी जमा.

“आत्याला विचार की, ती पेपरात लिहिती!” दादा बाहेरच्या खोलीतून ओरडला.

झालं! मास कॉमची डिग्री, एवढ्या वर्षांचं फ्रीलान्सिंग, रात्री बारापर्यंत पाळलेल्या डेडलाइन्स... नववीचा प्रोजेक्ट म्हणजे डाव्या हातचा मळ. मी चहाचा कप घेऊन मांडी घातली. पुढच्या दोन दिवसांत काय होणार आहे याची मला सुतराम कल्पना नव्हती.

पाच बातम्या तिनं आधीच निवडून ठेवल्या होत्या. एक क्रिकेटची, एक सोन्याच्या भावाची, एका हिरॉइनच्या लग्नाची, एक दिल्लीतल्या प्रदूषणाची आणि एक उपग्रहाची. विश्लेषणही तयार होतं. ‘सदर बातमी अत्यंत महत्त्वाची असून त्यातून समाजाला बोध मिळतो.’ पाचही बातम्यांना हाच बोध. हिरॉइनच्या लग्नालासुद्धा!

“हे कुठून आणलंस?”

“मोबाइलला विचारलं. त्यानं दिलं.”

हसू नका, मंडळी. आपण वेगळं काय करतो? सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसायचं, अंगठ्यानं हेडलाइन्स वर सरकवायच्या, एखादी ग्रुपवर ढकलायची आणि खाली ‘शॉकिंग!’ असं लिहायचं. आपलंही विश्लेषण संपलं. तिला निदान मार्कांची तरी भीती आहे.

मग मी माझं ठेवणीतलं लेक्चर काढलं. सहा ककार! कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसे. पहिल्या वर्षी पहिल्या आठवड्यात शिकवतात ते. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आत्या, हे बातमी लिहायचं झालं. ते दहावीला मराठीच्या पेपरात येतंच. वाचायची कशी ते सांग की.”

मी चहाचा घोट जरा जास्तच लांबवला. कारण प्रश्न बिनतोड होता. बातमीलेखनाला मार्क असतात. बातमी वाचायला मात्र ना तिला कुणी शिकवलंय, ना मला आठवतंय मला कुणी शिकवल्याचं.

म्हणून आम्ही सुरुवातीपासून सुरुवात केली. पहिला नियम ठरला तो निवडीचा. पाचपैकी निदान तीन बातम्या अशा हव्यात, की जिथं आपण सायकलनं नाहीतर स्कूटरनं जाऊ शकतो. कारण साधं आहे. दिल्लीतल्या हवेबद्दल कुणी काही लिहिलं तर आपण मान डोलावणार. शेजारच्या गावाबद्दल लिहिलं तर ‘असं कुठं आहे?’ म्हणून विचारणार. आपल्या भागाच्या बातम्या मिळतात आतल्या पानांवर, दोन कॉलमांत, जाहिरातींच्या खाली. ई-पेपरवाल्यांनो, तुम्हीही करून बघा. फोनवर आपल्या गावाची आवृत्ती निवडता येते. पुणे-मुंबईच्या पानांवर आयुष्य काढणाऱ्यांना गावचं पान म्हणजे एकदम वेगळाच पेपर वाटतो.

पहिलं कात्रण चकल्यांखालीच सापडलं. तेलानं अर्धं पारदर्शक झालेलं, पावसाळ्यातल्या रद्दीतलं. पंचगंगेची पाणीपातळी! कोल्हापूर जिल्ह्यात पाऊस सुरू झाला की ही बातमी रोज येते. राजाराम बंधाऱ्याजवळ अमुक इतके फूट. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट.

“४३ फूट म्हंजे आपलं घर बुडंल की!” भाचीबाई दचकल्या.

इथं मला पहिल्यांदा जाणवलं, की जो आकडा मी लहानपणापासून ऐकतेय, तो कशाचा आहे हे बातमीत बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं. हे ४३ फूट म्हणजे कुणाच्या गल्लीतलं पाणी नव्हे. कोल्हापूरच्या एका बंधाऱ्यावर मोजलेली ती नदीची पातळी. तोच आकडा नदीकाठच्या रुकडीला वेगळं सांगतो, हायवेवरच्या शिरोलीला वेगळं आणि नदीपासून लांब असलेल्या आमच्या घराला आणखी वेगळं. २०१९ आणि २०२१ ला ही पातळी ५० फुटांच्या वर गेली होती. दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बंगळुरू महामार्गावर पाणी आलं आणि वाहतूक थांबली. तुमच्यापैकी कितीतरी जण तेव्हा इकडे नाहीतर तिकडे अडकले असतील.

तिनं वहीत लिहिलं : ‘आकडा कुठे मोजला? त्याचा माझ्या गावासाठी अर्थ काय?’ पहिलं खरं विश्लेषण!

दुसरी बातमी निवडायला वेळच लागला नाही. हत्तीण. शेजारच्या शिरोळ तालुक्यातल्या नांदणी मठाची. १६ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयानं तिला गुजरातमधल्या जामनगरच्या ‘वनतारा’त हलवायला सांगितलं, २८ जुलैला सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय कायम ठेवला आणि ती गेली. ३ ऑगस्टला नांदणीहून कोल्हापूरला हजारो लोक पायी मोर्चानं आले. आमच्या घरात तर आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

मी दोन वेगवेगळी कात्रणं शेजारी ठेवली आणि म्हटलं, आता फरक शोध. मला वाटलं, मोर्चाला किती लोक होते तो आकडा ती पकडेल. तिनं वेगळंच पकडलं.

“आत्या, ह्यात ती महादेवी आहे. त्यात माधुरी आहे.”

अगदी बरोबर. कोर्टाच्या कागदांत महादेवी, लोकांच्या तोंडी माधुरी. बातमीनं कुठलं नाव पहिल्यांदा घेतलंय, यावरून ती कुठं उभं राहून लिहिली गेलीय याचा पुष्कळदा अंदाज येतो. महादेवीच्या बातमीत तिची तब्येत, तिचे पाय, कायदा, समितीचे अहवाल. माधुरीच्या बातमीत मठ, श्रद्धा, इतक्या वर्षांचा लळा आणि निरोपाच्या वेळचं रडू. दोन्ही खरं. पण यातलं एकच वाचलं असतं, तर आम्ही वहीत अर्धीच हत्तीण चिकटवली असती. तिनं वहीत सरळ दोन रकाने पाडले आणि खाली चार ओळी कोऱ्या सोडल्या. पुढची बातमी आली की भरायला. (ही आयडिया तिची. मला सुचली नव्हती. बातमी चिकटवली म्हणजे संपली असं नसतं, हे आपण मोठे लोक पटकन विसरतो.)

आता मला सॉलिड मजा यायला लागली होती. आणि नेमकी तिथंच आईनं फाइल आणली.

प्रत्येक आईकडे असते तशी ती फाइल. माझं पहिलीतलं चित्रकलेचं सर्टिफिकेट, वक्तृत्वाचं बक्षीस आणि माझ्या नावानं छापून आलेला प्रत्येक कपटा. आईनं त्यातलं एक कात्रण कौतुकानं बाहेर काढलं. २०२१ च्या पुरावरचा माझा लेख. कॉलेजातून नुकतीच बाहेर पडले होते. अर्धं पान, वर माझं नाव. त्या दिवशी मी त्या अंकाच्या सहा कॉप्या विकत घेतल्या होत्या.

“हिचाच घे की,” आई म्हणाली. “आत्याचं नाव बघून बाई खूश होतील.”

“चालू नाहीये ती घडामोड,” मी म्हटलं. विनयानं. मनातून अर्थातच हवंच होतं.

भाचीबाईंनी पेन्सिल घेतली आणि वाचायला लागल्या. दोन दिवसांत मीच शिकवलेले प्रश्न घेऊन.

लेखाची सुरुवात होती, पाण्याकडे बघत उभ्या असलेल्या बायकांच्या डोळ्यांपासून. चांगली दोन वाक्यं होती ती. तेव्हा तरी मला वाटली होती. तिनं त्यांच्याखाली रेघ मारली.

“आत्या, तू तिथं गेलतीस?”

“अगं, हायवे बंद होता. मी पुण्यातच अडकले होते.”

“मग हे डोळे कुणी बघितले?”

मी काहीतरी बोलले. फीचरमध्ये अशी सुरुवात चालते, टीव्हीवर फुटेज होतं, वगैरे. ती मुकाट्यानं पुढं गेली. पुढं होतं, ‘रुकडी परिसरातील एका गृहिणीने सांगितले...’ आणि मग त्या गृहिणीचे चार वाक्यांचे उद्गार. शेतात पाणी कसं चढलं, जनावरं कशी हलवली, धान्याची पोती माळ्यावर कशी ठेवली. भाचीनं ते मोठ्यानं वाचलं.

आईचा चकलीचा सोऱ्या हवेतच थांबला.

“अगं, ही मीच की!”

स्वयंपाकघरात शांतता. फक्त कढईचा आवाज.

“तू रात्री फोनवर विचारलंस, काय चाललंय म्हणून. मी सांगितलं, शेजारच्या काकूंची बहीण रुकडीला आहे, त्या असं असं म्हणत होत्या. मला काय म्हाईत तू ते छापायलीस! आणि मी कुठली रुकडीची?”

मंडळी, पत्रकारितेत ‘सोर्स’ नावाचा फार भारदस्त शब्द आहे. माझा सोर्स म्हणजे आई, आईचा सोर्स शेजारच्या काकू, काकूंचा सोर्स त्यांची बहीण. तिसऱ्या तोंडून आलेलं मी पहिल्या तोंडचं म्हणून लिहिलं होतं. त्या बहिणीच्या घरात खरंच पाणी शिरलं असेल. पोतीही तिनं खरंच माळ्यावर ठेवली असतील. पण मी तिला एक फोनसुद्धा केला नव्हता. तिचा नंबर मिळवायला आईला दोन मिनिटं लागली असती. डेडलाइन रात्री नऊची होती, आठ वाजून गेले होते आणि मला एका ‘बाई’ची गरज होती. एवढंच.

कुणी पकडलं नाही. संपादकांनी उलट ‘ह्युमन टच छान आहे’ असा मेसेज केला होता. चार वर्षं मी तो लेख माझ्या चांगल्या कामात मोजत होते. पकडलं कुणी? तर नववीतल्या मुलीनं आणि चकल्या तळणाऱ्या आईनं.

भाचीला वाईट वाटलं बहुतेक. “हे नाही लिहीत मी वहीत,” ती हळूच म्हणाली.

“लिही,” मी म्हटलं. फार मोठेपणा नव्हता त्यात. नाही म्हटलं असतं तर दोन दिवस शिकवलेलं सगळं त्या चकल्यांबरोबर तेलात गेलं असतं.

तो दिवस मी जरा गप्पगप्पच होते. संध्याकाळी बाबांनी विषय काढला. “पाचवी बातमी मी देतो. आपल्या तालुक्यातली सगळ्यात मोठी. पण तारीख जुनी आहे हं. मार्च १९२०.”

“आजोबा, चालू घडामोडी पाहिजेत!”

“चालूच आहे अजून,” बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर काढली आणि आम्ही दोघी माणगावला गेलो. कोकणातलं नव्हे, आमच्या हातकणंगले तालुक्यातलं. २१ आणि २२ मार्च १९२० ला इथं अस्पृश्य परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, तेव्हा वय २८. (माझ्याच वयाचे! ही तुलना इथंच थांबवू या.) राजर्षी शाहू महाराज स्वतः परिषदेला आले आणि हेच तुमचे पुढारी असं त्यांनी लोकांना सांगितलं. आज तिथं स्मारक आहे. आम्ही गेलो तेव्हा आवारात शांतता होती.

“तेव्हाच्या पेपरात आलं असंल का हे?” तिनं विचारलं. बघा, आता प्रश्न आपोआप यायला लागले होते!

आलं होतं. ‘मूकनायक’मध्ये. बाबासाहेबांनी सुरू केलेलं हे पाक्षिक, पहिला अंक ३१ जानेवारी १९२० चा. म्हणजे परिषदेच्या वेळी जेमतेम दोन महिन्यांचं. त्यासाठी शाहू महाराजांनी २५०० रुपयांची मदत केली होती. आणि या पत्राची साधी जाहिरात, पैसे देऊ केले तरी, ‘केसरी’नं छापली नव्हती. ज्यांच्या जाहिरातीलाही जागा नव्हती, त्यांच्या बातमीला जागा कुठं मिळणार? म्हणून स्वतःचा पेपर काढायचा.

ती विचारात पडली. मला वाटलं, भारावली. पण नाही!

“म्हंजे ज्यांची परिषद, त्यांचाच पेपर? आणि पैसे दिलेले महाराजच पाहुणे? मग त्यात सगळं चांगलंच लिहिणार की.”

मास कॉमच्या दोन वर्षांत मी असा प्रश्न विचारल्याचं मला आठवत नाही. मी म्हटलं, शंका रास्त आहे, तीही लिही. पण त्याबरोबर हेही लिही, की तो पेपर कुणाच्या बाजूनं बोलतोय हे त्यानं लपवलेलं नव्हतं. नावच ‘मूकनायक’. ज्यांना कुणी बोलू देत नाही त्यांचा नायक. वाचणाऱ्याला पहिल्या पानापासून माहीत, की ही बातमी कुठं उभं राहून लिहिलीय. आपण १०५ वर्षांनी वाचतोय, आपण काही तिथं नव्हतो. तरी कुणाचं बोलणं आहे हे कळलं, की किती आणि कसा विश्वास ठेवायचा ते ठरवता येतं.

हे बोलता बोलता माझं मलाच कळलं, की माझ्या अर्ध्या पानाच्या लेखात नेमकं हेच नव्हतं. मी तिथं गेले नव्हते, हा गुन्हा नव्हता. रस्ताच बंद होता. ‘मी पुण्यात आहे, हायवे बंद आहे, आईनं फोनवर ऐकीव सांगितलं ते असं’ एवढं एक वाक्य टाकलं असतं तर लेख तेवढाच चांगला झाला असता. कदाचित जास्त चांगला. घरापासून तुटलेली मुलगी फोनवरून गाव शोधतेय, ही तर खरी बातमी होती! ती टाकून मी न बघितलेले डोळे लिहीत बसले.

वाटेत इचलकरंजीला थांबलो. तिथलं आपटे वाचन मंदिर १८७० पासूनचं. शहराची नगरपालिका जाऊन २०२२ मध्ये महानगरपालिका आली, ग्रंथालय आहेच. भाचीला म्हटलं, विश्लेषण जमायचं असेल तर एक सवय लाव. एकाच दिवसाचे दोन पेपर शेजारी ठेवून वाच. घरी एकच येतो, दुसरा अशा ठिकाणी मिळतो. फुकट.

परतताना मागच्या सीटवरून तिनं तिच्या वहीचं शेवटचं पान मला ओरडून ओरडून वाचून दाखवलं. तुमच्यासाठी जसंच्या तसं देते. ऑफिसच्या बसमध्ये उपयोगी पडेल.

१. हे कोण सांगतंय?
२. तो तिथं होता का? नसेल तर तसं लिहिलंय का?
३. आकडा असेल तर कुठे आणि कशानं मोजला?
४. बातमीतलं कोण बोललेलंच नाही?
५. उद्याची बातमी वाचली का?

बस्स. पाच ओळी. यातली दुसरी माझ्यामुळे आहे, हे मला माहीत आहे. तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

पुण्याला परतले त्याच आठवड्यात एका मासिकाचा फोन आला. साखर कारखान्यांच्या हंगामावर पटकन आठशे शब्द हवेत, परवापर्यंत, ‘थोडा ह्युमन टच टाक’. मी हो म्हटलं (भाडं भरायचं असतं, राव!). मग आईकडून नंबर घेऊन आमच्याकडच्या एका ऊस उत्पादकाला फोन लावला. ते अर्धा तास बोलले. लेखात लिहिलं, ‘फोनवर बोलताना ते म्हणाले’. संपादकांनी ‘फोनवर बोलताना’ कापलं. मी परत टाकलं. त्यांनी परत कापलं. मी त्यांना फोन केला. शेवटी ते दोन शब्द राहिले. आजवर इतक्या छोट्या गोष्टीसाठी मी कुणाशी भांडले नव्हते.

प्रोजेक्टला किती मार्क पडले ते विचारू नका. आत्याच्या लेखावरच्या पानाखाली बाईंनी लाल शाईनं फक्त एक प्रश्नचिन्ह काढलंय. भाचीबाईंचं म्हणणं, ते कौतुक आहे.

आणि हो, या लेखातली आई ही माझी आईच आहे. या वेळी विचारून लिहिलंय.